माईक चावतो

आमच्या गावच्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यवाह या नात्याने मी आज बावीस वर्षे वर्गणीचा हिशेब, नाटकाची परवानगी आणि पाहुण्यांची सरबराई असा सर्व कारभार पाहत आलो आहे. परंतु ज्या एका बाबतीत माझ्या हातून अक्षम्य हयगय झाली, तिची नोंद मंडळाच्या दप्तरात नाही, म्हणून ती येथे करीत आहे.

त्या वर्षी नाटकाच्या दिवशी दुपारभर पाऊस कोसळून गेला होता. रंगमंच लोखंडी पाइपांचा, पाइपांचे पाय विटांवर टेकवलेले, वर फळ्या आणि फळ्यांवर भिजून जड झालेले काथ्याचे जाजम. संध्याकाळच्या तालमीत नायकाचे काम करणारा तरुण पद म्हणता म्हणता थांबला आणि म्हणाला, "दादा, माईक चावतो." मंडळी हसली. वायरमन म्हणून मिरवणाऱ्या गृहस्थाने, ज्याच्यापाशी परवाना नाही हे मला पक्के ठाऊक होते, माईकला रुमाल गुंडाळण्याचा तोडगा काढला, आणि मीही त्यास संमती देऊन पाहुण्यांच्या स्वागतास निघून गेलो.

दुसऱ्या अंकात विंगेबाहेरच्या चिखलात अनवाणी उभा असलेला एक मुलगा दिवा वळवण्यासाठी पाइप धरून वर चढू लागला, तो तेथेच चिकटला. तो ओरडला नाही. विजेने आखडलेले स्नायू मूठ सोडू देत नाहीत, तसा कित्येकदा कंठातून स्वरही फुटू देत नाहीत. मेन स्विच देवळाच्या भांडारघरात, भांडारघरास कुलूप, आणि कुलपाची किल्ली पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या खिशात! पडदे ओढणाऱ्या गड्याने कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या वेळूने त्याचा हात झटकला, म्हणून तो वाचला. तळहात भाजला होता; वरकरणी धडधाकट दिसत असूनही डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्यासाठी त्याला ठेवून घेतले, आणि ते योग्यच होते.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक कंत्राटदाराने तपासणी केली, तेव्हा कळले की माईक सर्वस्वी निर्दोष होता. त्याचे अर्थिंग अँप्लिफायरमार्गे उत्तम लागलेले होते. हॅलोजनची वायर पाइपाखाली चेंगरून अवघा रंगमंचच २३० व्होल्टच्या विजेने भारला गेला होता, आणि ओल्या जाजमावरचा तो नट आपल्या ओठांनी रंगमंच व माईक यांना जोडीत होता. ज्याने खरी साक्ष दिली, त्याच्याच तोंडावर आम्ही रुमाल बांधला. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात माईकच्या स्पर्शाने मृत्यू पावला, हे मी पुढे वाचले. तेथे दोष माईकच्या अर्थिंगचा होता. नटाला या भेदाशी कर्तव्य नसते. ओठांना झिणझिण्या आल्या की प्रथम मेन स्विच बंद करावा आणि मग कारण शोधीत बसावे.

"फ्यूज का उडाला नाही?" हा प्रश्न मला अनेकांनी केला. फ्यूज काय किंवा हल्लीचा एमसीबी काय, त्यांची नेमणूक तारा जळू नयेत म्हणून असते. ५ अँपिअरचा फ्यूज जो प्रवाह निमूटपणे वाहू देतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्याने, म्हणजे ५० मिलिअँपिअरने, मनुष्याच्या हृदयाची लय कायमची बिघडू शकते. आमच्या फ्यूजमध्ये तर कोणी तांब्याची जाड तार भरून ठेवली होती! यास्तव ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी मेन स्विचपाशी बसवावी आणि तिची चाचणीची कळ दररोज दाबून पाहावी. मात्र अर्थिंगचे काम तिच्यावर सोपवू नये. रंगमंचाच्या सांगाड्याला अर्थची स्वतंत्र तार जोडावी, जनरेटर आणला तर त्यासही अर्थिंग द्यावे, वायरी पाइपांखालून न नेता वरून न्याव्यात, जोड चिखलात पडू देऊ नयेत. थ्री पिनची तिसरी पिन कापणाऱ्या इसमास मंडपात पाऊल टाकू देऊ नये. हे मी रागाने लिहीत आहे, आणि ते तसेच राहू द्यावे. तात्पुरत्या वीजजोडणीचा रीतसर अर्ज करण्यात आळस केल्याने वाचतात ते पैसे थोडेच असतात.

प्रयोग चालू असेतो मेन स्विचपाशी आता एक माणूस बसलेला असतो. त्याला नाटक दिसत नाही, म्हणून त्याच्या चहाची वेगळी तजवीज आम्ही करतो. उत्सवाच्या दिवसांत भांडारघरास कुलूपही लावीत नाही. दोन वर्षांपूर्वी तेथून नारळांचे एक पोते नाहीसे झाले, त्याची लेखी तक्रार माझ्याकडे आली. ती मी दप्तरी दाखल करून घेतली आहे.