लंडनहून एका दिवसात वाफेची गाडी

प्रश्न : मे महिन्यात लंडनला मुलीकडे जाणार आहोत. मोटार भाड्याने न घेता एका दिवसात वाफेच्या गाडीचा प्रवास जमेल का?

उत्तर : सहज जमेल. त्यासाठी ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेइतकी सोयीची गाडी क्वचितच सापडेल. व्हिक्टोरिया स्थानकातून नेहमीची गाडी साधारण तासाभरात ईस्ट ग्रिन्स्टेडला पोहोचते आणि तिथे काही पावलांवरच वाफेच्या गाडीचा फलाट आहे. ही सोय २०१३ पासूनची.

स्वयंसेवकांनी १९६० साली पुन्हा सुरू केलेला हा मार्ग आज शेफील्ड पार्कपर्यंत सुमारे १८ किलोमीटर धावतो. स्थानकेही वेगवेगळ्या काळांतली राखली आहेत : किंग्सकोट १९५०च्या दशकातले, हॉर्स्टेड कीन्स १९२०च्या, तर शेफील्ड पार्क थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. सगळ्यात जास्त वेळ शेफील्ड पार्कला द्यावा. तिथल्या शेडमध्ये १८७२ सालापासूनची इंजिने अगदी जवळून पाहता येतात, आणि कोळसा-तेलाचा तो वास छायाचित्रात कुठला मिळायला!

मात्र गाड्या रोज नसतात. तारीख ठरवण्याआधी वेळापत्रक पाहावे, त्या दिवशी इंजिन वाफेचेच आहे ना याची खात्री करावी. रविवारी लंडनच्या मार्गावर दुरुस्तीची कामे निघू शकतात, त्यामुळे शनिवार किंवा मधला वार बरा. रानातली निळी ब्लूबेल फुले हवी असतील, तर मेचा पहिला आठवडा गाठावा.