मुक्काम कोठे करायचा?

मुलांनो, सहामाही परीक्षा संपली की घरोघरी एकच विषय निघतो. या सुट्टीत कोठे जायचे? कोणी महाबळेश्वरचे नाव घेते, कोणी समुद्राचे. शेवटी कोणीतरी म्हणते, "वेरूळ-अजिंठा पाहू या." सर्वांना ते पसंत पडते. येथपर्यंत काम सोपे असते. खरे काम यानंतर सुरू होते, आणि ते बहुधा कोणीच करीत नाही. गाडीत सामान भरले की प्रवासाची तयारी झाली, असे आपण समजतो.

समजा, तुमच्या घरातून पाच जण निघणार आहेत : दादी, अब्बा, अम्मी, तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण. दादीचे गुडघे दुखतात. अब्बांना चारच दिवसांची रजा आहे. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसा. हा प्रवास तुम्हीच आखायचा आहे.

आधी दोन शब्द नीट पाहून घेऊ. मराठीत प्रवासात रात्री थांबण्याला 'मुक्काम' म्हणतात. हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूतील 'मकाम' तो हाच. मराठीत येताना त्याने थोडे रूप बदलले आणि अर्थही थोडा बदलला. पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो, त्यातील 'मु.' म्हणजे मुक्काम. दुसरा शब्द 'मजल'. उर्दूतील 'मंजिल' मराठीत मजल झाली. पूर्वी लोक पायी किंवा घोड्यावरून जात. एका दिवसात जेवढी वाट सरे, तेवढी एक मजल. म्हणून 'मजल दरमजल करीत' असा शब्दप्रयोग मराठीत रुळला. इमारतीचा 'मजला' हासुद्धा त्याच घराण्यातला. जुन्या माणसांनी हे दोन शब्द जोडीने वापरले, कारण एका मजलेच्या शेवटी एक मुक्काम असायचाच. अंतर ठरले की रात्रीची जागा ठरत असे. आपण आज अंतर मोजतो आणि रात्रीची जागा नशिबावर सोडतो.

आता कागदावर रस्ता काढा. तुम्ही कॅम्पात राहत असा, कोंढव्यात असा की घोरपडी पेठेत, वाट येरवड्यावरूनच निघते. पुढे वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर आणि मग अहिल्यानगर. याच शहराला २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत. पुण्यापासून ते सुमारे १२० किलोमीटर आहे. ही वाट साधी नाही बरे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस याच पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आपण जिला 'एस. टी.' म्हणतो, तिचा जन्म या रस्त्यावरचा.

अहिल्यानगरला जेवणासाठी थांबा. येथील भुईकोट किल्ल्यात इंग्रजांनी १९४२ साली काँग्रेसच्या मोठ्या नेत्यांना कैदेत ठेवले होते. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते. 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकातील पत्रे त्यांनी येथेच लिहिली. उर्दूच्या तासाला हे नाव तुमच्या कानावर आले असेल किंवा पुढे येईल. मौलाना ज्या गावी कैदेत बसून लिहीत होते, त्या गावी आपण जेवलो, एवढे तरी लक्षात राहील. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. म्हणून आत जायचे असल्यास आधी चौकशी करावी.

पुढे घोडेगाव, नेवासा फाटा आणि प्रवरासंगम. येथे प्रवरा नदी गोदावरीला मिळते. पूल ओलांडला की छत्रपती संभाजीनगर जवळ आले. या शहराचे औरंगाबाद हे नाव २०२३ साली बदलले. अहिल्यानगरपासून हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर. म्हणजे पहिल्या दिवसाची मजल २३५ किलोमीटरांची झाली. चहा, जेवण, दादीचे पाय मोकळे करणे, हे सारे धरून सहा-सात तास लागतील. दिवाळीच्या दिवसांत सहा वाजताच अंधारून येते. म्हणून सकाळी आठला निघावे, नऊला नव्हे. नव्या गावात खोली शोधायची ती उजेडात. अंधार पडल्यावर माणूस थकलेला असतो, मुले रडवेली होतात, आणि मग जी पहिली खोली दिसेल ती कोणत्याही भावाला घ्यावी लागते.

आता एक गंमत पाहा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. तुम्ही रविवारी निघालात, सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ ठरवलेत, तर दोन्ही दारांवर कुलूप! इतके पेट्रोल जाळून फक्त कुलपे पाहून यायचे. असे फजीत होऊन परतलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून शनिवारी निघा. रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी परत. चार दिवस आणि तीन रात्री, रजेत बरोबर बसतात.

तीन रात्री तीन ठिकाणी राहायचे की एकाच ठिकाणी? अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. अजिंठ्याजवळ फर्दापूरला पर्यटन विकास महामंडळाचे निवास आहे. तेथे एक रात्र राहिले तर रविवारची धावपळ कमी होते, हे खरे. पण रोज सामान बांधायचे, रोज सोडायचे, रोज नवी गादी, नवे पाणी. म्हाताऱ्या माणसाला हे फार जड जाते. माझे मत विचाराल तर शहरातच एक चांगली जागा पाहून तीन रात्री तेथेच काढाव्यात. मात्र बरोबरची सगळी माणसे तरुण असतील तर खुशाल फर्दापूरला राहावे.

गाडी भाड्याची असो की घरची, हिशेब मांडा. जाणे-येणे ४७०, अजिंठा २००, वेरूळ ६० आणि गावातील फिरणे २०. एकूण ७५० किलोमीटर झाले. गाडी एका लिटरला १५ किलोमीटर धावत असेल तर ५० लिटर पेट्रोल लागेल. त्या दिवसाच्या भावाने गुणा. टोल, लेण्यांची तिकिटे, जेवण आणि खोली वेगवेगळ्या ओळींत लिहा. एस. टी. ने गेलात तर खर्च पुष्कळ कमी येईल. २०२३ सालापासून एस. टी. त महिलांना निम्मे तिकीट पडू लागले. अम्मी, दादी आणि बहीण मिळून चांगलीच बचत होते.

आता खोलीकडे वळू. येथे मराठीची एक खोड लक्षात ठेवा. मराठी माणूस 'हॉटेलात जाऊ' म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा चहा-भजी हवी असतात. झोपायच्या जागेला तो 'लॉज' म्हणतो. रस्त्याकडेला 'हॉटेल' अशी मोठी पाटी दिसली म्हणजे आत खोल्या असतीलच असे नाही. 'राहण्याची सोय आहे का?' असेच विचारावे.

आपल्याकडे कित्येक घरांत मराठी बोलायचे काम शाळेत शिकणाऱ्या मुलांवर येते. फोन तुमच्याच हातात दिला जाईल. घरी तुम्ही 'दादी' म्हणता, फोनवर 'आजी' म्हणा. न लाजता, सावकाश बोला :

"नमस्कार. मी पुण्याहून बोलत आहे. शनिवारी संध्याकाळपासून मंगळवारी सकाळपर्यंत पाच माणसांची राहण्याची सोय होईल का?"

"होईल. एक मोठी खोली घ्या. वर एक जादा गादी देऊ."

"गादीचे वेगळे पैसे पडतात का?"

"हो, पडतात."

"मग सर्व धरून, करासह, तीन रात्रींचे किती होतील?"

हा आकडा कागदावर लिहा. मग पुढे विचारा :

"आमच्या आजींना गुडघ्यांचा त्रास आहे. खोली तळमजल्यावर आहे का?"

"दुसऱ्या मजल्यावर आहे. पण लिफ्ट आहे."

"लिफ्टपर्यंत जायला पायऱ्या आहेत का? आणि वीज गेली तर लिफ्ट चालते का?"

हा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस क्षणभर थांबेल. थांबू द्या. मोबाईलवर खोल्यांची सुंदर चित्रे दिसतात. त्यांत पडदे दिसतात, फुलदाणी दिसते, पण पायऱ्या दिसत नाहीत. कमोडची सोय आहे का, गरम पाणी किती वाजता येते, गाडी आवारात उभी करता येते का, हेही विचारा. आणखी एक गोष्ट. काही ठिकाणी खोलीचा दिवस चोवीस तासांचा असतो, तर काही ठिकाणी दुपारी बाराला संपतो. सकाळी दहाला पोहोचून दोन तासांतच एक दिवस संपला, असे होऊ नये म्हणून हे आधीच विचारायचे.

पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी खोली पाहा. नळ सोडून पाहा, दाराची कडी आणि खिडकी लावून पाहा, चादर उचलून पाहा. आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा जिना कोठे आहे, तेही विचारून ठेवा. यात संकोच कसला? आपण पैसे देणार आहोत. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र दाखवावे लागते, ते वरच्या खिशातच असू द्या. पैसे दिले की पावती घ्या.

सोमवारी वेरूळला सकाळीच जा. सोळा क्रमांकाचे कैलास लेणे आवाराच्या दारापासून जवळ आहे. आठव्या शतकात एकाच खडकातून ते कोरले गेले, तेही कळसाकडून पायाकडे. दादीला दुसरे काही पाहणे झाले नाही तरी हे बघता येईल. परत येताना खुलदाबाद लागते. येथे मलिक अंबरची कबर आहे. मग दौलताबादचा किल्ला. शेकडो पायऱ्या आणि एक काळोखी भुयारी वाट आहे. तुम्ही आणि अब्बा चढा. दादी खाली चांदमिनार पाहत बसेल.

या किल्ल्याखाली बसल्यावर एका जुन्या प्रवासाची आठवण येते. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवली. दिल्ली ते दौलताबाद हजार किलोमीटरांहून जास्त. इब्न बतूता या प्रवाशाने ही वाट चाळीस दिवसांची सांगितली आहे. वाटेवर दोन्ही बाजूंना झाडे होती, ठिकठिकाणी थांबण्याची सोय होती. तरीही माणसे वाटेत थकून मेली. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने लोकांचे हाल लिहून ठेवले आहेत. मजला होत्या, मुक्काम होते, झाडेही होती. पण निघणाऱ्यांत म्हातारे किती, लेकुरवाळ्या बायका किती, आजारी किती, आणि त्यांना रोज किती चालवेल, हे कोणी विचारले असेल का? सुलतानाच्या दरबारात हा प्रश्न विचारणार तरी कोण? तुमच्या घरात तो विचारता येतो. म्हणून कागदावर सर्वांत वर दादीचे नाव लिहा आणि मग तास मांडा.

मंगळवारी सकाळी बीबी का मकबरा पाहा. साडेदहाच्या आत खोली सोडा. वाघोलीला संध्याकाळी गाड्यांची लांबच लांब रांग लागते. चारच्या सुमारास तेथून पुढे सरकलात तर चहाच्या वेळेला घरी असाल.

स्वाध्याय

१. 'मुक्काम' आणि 'मजल' यांचे उर्दू शब्दांशी असलेले नाते सांगा.

२. रविवारी निघणाऱ्या कुटुंबासाठी चार दिवसांचा बेत असा आखा की दोन्ही लेणी उघडी मिळतील.

३. गाडी एका लिटरला १२ किलोमीटर धावली, तर ७५० किलोमीटरांना किती लिटर पेट्रोल लागेल?

४. तुमच्या घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला विचारा : गाडीत सलग किती वेळ बसवते? त्यावरून पुणे ते छत्रपती संभाजीनगर या वाटेवर कोठे कोठे थांबाल, ते लिहा.