जुन्या फियाटची हॉट रॉड करावी का?

प्रश्न : वडिलांची १९७२ची फियाट गॅरेजमध्ये पडून आहे. छप्पर कापून, मोठं इंजिन बसवून हॉट रॉड करू का?
– एक वाचक, वसई

उत्तर : कापू नका, मूळ रूपातच उभी करा. अमेरिकेत पोरांनी हॉट रॉड घरीच केल्या, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांनी कापलेल्या १९३२च्या फोर्डला वेगळी चासी होती. फियाटची बॉडीच सगळा भार पेलते, छप्पर कापलं की ताकद जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये तेच बजावलं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, तीही मोठे फेरफार नसतील तरच. हौसेला काम उरतंच : वसईच्या खाऱ्या हवेत दाराखालचा पत्रा आणि मडगार्डची आतली बाजू आधी सडते. तिथून सुरुवात करा, मग ब्रेक, इंजिन शेवटी.