प्रवाळकुंडातील पाण्याचा प्रवाह

प्रवाळ हा एके ठिकाणी जखडलेला प्राणी होय. अन्न व प्राणवायू पाण्यानेच त्याच्यापाशी आणावे लागतात आणि त्याने टाकलेला मळ पाण्यानेच वाहून न्यावा लागतो. त्याच्या अंगालगतचा पाण्याचा थर जवळजवळ निश्चल असतो. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो व वायूंची देवघेव सुलभ होते. समुद्रात हे कार्य लाटा करतात. घरातील काचेच्या कुंडात ते पंपाकडून करवून घ्यावे लागते.

पंप निवडताना प्रथम कुंडाचे आकारमान पाहावे. कठीण सांगाड्याच्या प्रवाळांसाठी दर तासाला कुंडाच्या २० ते ४० पट पाणी फिरावे, असा ठोकताळा आहे. मऊ प्रवाळांस कमी पुरते. म्हणजे २०० लिटरच्या कुंडास ताशी किमान ४,००० लिटर. मात्र एकच जोरकस झोत प्रवाळाच्या ऊतींस इजा करतो. म्हणून दोन लहान पंप समोरासमोर बसवून आळीपाळीने चालवावेत. अरुंद तोटीच्या पंपापेक्षा पंख्याचा पंप रुंद व सौम्य प्रवाह देतो.

पंपाने घेतलेली बरीचशी वीज उष्णता होऊन पाण्यात उतरते; उन्हाळ्यात हे प्रवाळांस बाधते. वीज खंडित झाल्यास प्राणवायू घटून काही तासांतच जीव दगावू शकतात. यासाठी बॅटरीवर चालणारा एक पंप हाताशी ठेवावा.

भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे हा गुन्हा होय.