एकाच घागरीचे दोन हिशेब

गेल्या उन्हाळ्यात तारिहाळच्या एका विद्यार्थ्याने बोअरच्या पाण्याने भरलेली बाटली वर्गात आणली आणि विचारले, "सर, हे पाणी काचेसारखे स्वच्छ आहे. आई ते उकळूनही घेते. मग प्यावयास हरकत कोणती?" घंटा झाली आणि त्याचे उत्तर राहून गेले. ते येथे देतो.

उकळल्याने पाण्यातील जंतू मरतात, म्हणून त्या माउलीचे करणे योग्यच आहे. परंतु पाण्यात विरघळलेली रासायनिक द्रव्ये उकळल्याने नाहीशी होत नाहीत. वाफ उडून जाते, द्रव्य भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. फ्लोराइड व नायट्रेट ही अशीच द्रव्ये होत. आमच्या घरी कोंकणीत पाण्यास 'उदक' म्हणतात, शेजारी कन्नडमध्ये 'नीरु' म्हणतात. नाव कोणतेही घ्या, त्यातील फ्लोराइड डोळ्यांस वा जिभेस कळत नाही.

हे फ्लोराइड येते कोठून? ग्रॅनाइट व नाइस ह्या खडकांतील काही खनिजांत ते असते. खोल भूगर्भात पाणी दीर्घकाळ खडकाशी संलग्न राहिले म्हणजे ते त्यात उतरते. हुबळी-धारवाड शहरास मलप्रभेवरील रेणुकासागराचे व नीरसागराचे पाणी मिळते. परंतु भूगर्भातील पाण्यावर विसंबणाऱ्यांनी सावध असावे. आपल्या शेजारच्या गदग जिल्ह्यात, विशेषतः मुंडरगी भागात, हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावे त्याने गांजली आहेत. आपल्या देशात ह्या विकाराची ओळख 1937 साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात पटली. तेथील लोकांचे दात डागाळत, आणि पुढे पाठीचा कणा व सांधे ताठ होत.

मात्र फ्लोराइड म्हणजे निव्वळ विष, असेही नव्हे. अल्प प्रमाणात ते दातांस किडीपासून वाचवते. प्रश्न सारा मात्रेचा आहे. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे.

आता वही काढा. समजा, पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. आईचे वजन 50 किलो. ती दिवसास अडीच लिटर पाणी पिते. तिच्या पोटात 5 मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम फ्लोराइड गेले. धाकट्या भावाचे वजन 15 किलो. तो दीड लिटर पितो. त्याच्या पोटात 3 मिलिग्रॅमच गेले, पण दर किलोमागे ते 0.2 भरले! घागर एकच, पाणी मुलाने कमी प्यायले, तरी त्याच्यावरील भार दुप्पट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दर किलोमागे रोज 0.06 मिलिग्रॅम ही संदर्भमात्रा धरली आहे. तिने भागले तर आईचा भागाकार सुमारे 1.7 व मुलाचा 3.3 येतो.

भागाकार 1 च्या वर गेला की मनुष्य आजारी पडलाच, असे मात्र समजू नये. ती धोक्याची सूचना आहे, रोगनिदान नव्हे. उन्हात राबणारा शेतकरी चार-पाच लिटर पाणी पितो, आणि चहाच्या पत्तीतूनही थोडे फ्लोराइड येते. तेव्हा प्रत्येकाचा हिशेब निराळा. तरी मुलांची काळजी अधिक घ्यावयाची, ह्यास आणखी एक कारण आहे. कायमच्या दातांचे आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असते. त्या काळात पडलेला डाग पुढे चांगले पाणी प्यायल्याने जात नाही.

नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. ते खतांतून, उकिरड्यांतून व शौचखड्ड्यांतून झिरपते. तान्ह्या मुलास वरचे दूध अशा पाण्यात कालवून देणे फार धोक्याचे. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून मूल निळसर पडते.

फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुना वापरून 'नळगोंडा पद्धत' सिद्ध केली. परंतु तुरटी किती, चुना किती, हे पाणी तपासूनच ठरते. अंदाजाने चिमूटभर टाकून भागत नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास माझे उत्तर असे: तुझ्या बाटलीविषयी मी काहीच सांगू शकत नाही, प्रयोगशाळाच सांगेल. बोअर काही मिनिटे चालू ठेवून मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भर, फ्लोराइड व नायट्रेट ह्यांची नावे घेऊन तपासणी माग, आणि बाटलीवर तारखेबरोबर बोअरची खोलीही लिही.