हत्यार सोपं, पाय अवघड

कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीत मी पॉइंट टूटू रायफल चालवली. ताडपत्रीवर पालथं पडायचं, गाल दस्त्याला टेकवायचा आणि उस्तादांचा आवाज कानावर यायचा, "साँस रोको, हिलो मत." पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली की शाबासकी. नेमबाजी म्हणजे न हलणं, हे तिथेच डोक्यात पक्कं बसलं.

पुढे वीसेक वर्षांनी टेक्ससमध्ये, ग्रीन कार्ड हाती आल्यावर, डॅलसजवळच्या एका क्लबात मी ९ एमएमची कार्बाइन खांद्याला लावली. भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर, त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती ती पडत नाही. इथे मात्र यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत पिस्तुलाची गोळी झाडणाऱ्या कार्बाइनला २०१६ पासून वेगळा विभागच आहे. पुठ्ठ्याची लक्ष्यं, लाकडी चौकटींच्या आडोशाच्या भिंती, हातात टायमर घेऊन मागे चालणारा रेंज ऑफिसर, आणि आपण धावत एकेक लक्ष्य टिपायचं.

दस्ता खांद्यात, दोन्ही हात भक्कम, डोळ्यापुढे लाल ठिपका, धक्का जेमतेम. वाटलं, महिन्याभरात जमेल. चार वर्षं झाली. नेम धरणं सोपं झालं की पाय, डोळे आणि स्मरण यांच्या खोडी उघड्या पडतात, हे कळायलाच त्यातलं पहिलं वर्ष गेलं. त्या वर्षाचे आणि पुढच्यांचे हे धडे.

१. नळीचं तोंड कुठे आहे, हे पायांनाही माहीत हवं.
रेंजवर एक अदृश्य रेषा असते. तुमच्या दोन्ही बाजूंना सरळ जाणारी, १८० अंशांची. नळीचं तोंड त्या रेषेच्या मागे आलं की त्या दिवसापुरता खेळ संपला, म्हणजे डीक्यू, स्पर्धेतून बाद. माझ्या तिसऱ्याच स्पर्धेत मी डावीकडे धावत मॅगझिन बदलत होते. मी उजव्या हाताची, अंग डावीकडे वळलं, त्याबरोबर सोळा इंची नळीही वळली, आणि मागून "स्टॉप!" ऐकू आलं. वाद घालायला जागा नव्हती. कार्बाइन रिकामी करून पिशवीत ठेवली आणि उरलेला दिवस इतरांची लक्ष्यं बुजवली. तेव्हापासून कुठलीही नवी कसरत मी आधी रिकाम्या हत्याराने, चालत करते. धावताना आणि मॅगझिन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि डोक्यात एकच प्रश्न: तोंड कुठे?

२. ठिपका दिसतो तिथे गोळी जात नाही.
ठिपक्याची काच नळीच्या सुमारे अडीच इंच वर बसलेली असते. मी २५ यार्डांवर ठिपका जुळवला आहे. पाच यार्डांवर गोळी ठिपक्याच्या जवळजवळ दोन इंच खाली लागते. उघड्या पुठ्ठ्यावर ते खपून जातं. पण लक्ष्याचं फक्त डोकं दिसत असेल आणि खाली पांढरा, गोळी न मारायचा पुठ्ठा चिकटवलेला असेल, तर ते दोन इंच दहा गुणांना पडतात. मला पडले. आता महिन्यातून एकदा तीन, पाच, सात, दहा यार्डांवर कागदावर एकेक टिकली लावते आणि गोळी टिकलीपासून किती खाली गेली ते वहीत लिहिते. आकडा पाठ असून भागत नाही, तो डोळ्यात बसावा लागतो.

३. सी स्वस्त, हुकलेली महाग.
अमेरिकी नेमबाज बिल विल्सन यांच्या नावाची बिल ड्रिल साधी आहे: सात यार्डांवर एक पुठ्ठा, बझर वाजला की सहा गोळ्या. मधला ए भाग सुमारे सहा इंच रुंद आणि अकरा इंच उंच, त्याभोवती सी, कडेला डी. कार्बाइनला ए चे ५ गुण, सी चे ३, डी चा १. गोळी हुकली तर १० वजा. एकूण गुणांना सेकंदांनी भागायचं, तो हिट फॅक्टर.

माझ्या वहीतल्या एका सकाळच्या तीन नोंदी. ३ सेकंदांत सहाही ए: ३० गुण, फॅक्टर १०. नंतर २.४ सेकंदांत चार ए, दोन सी: २६ गुण, फॅक्टर १०.८३. मग जोर चढला, २ सेकंदांत चार ए, एक सी आणि एक हुकलेली: १३ गुण, फॅक्टर ६.५. एनसीसीचं मन पहिल्या कागदावर खूश होतं, टायमर दुसऱ्यावर. तिसरा कागद मी गॅरेजच्या भिंतीवर लावून ठेवला आहे.

४. ठिपका परत येईपर्यंत थांबायचं नाही, पण तो बघायचा.
माझी कार्बाइन साध्या ब्लोबॅकची. जड बोल्ट मागे जातो, पुढे येऊन आपटतो, आणि ठिपका वर उडून खाली बुडी मारतो. सुरुवातीला दुसरी गोळी मी सवयीच्या तालावर झाडायची. सात यार्डांवर ते चाललं, वीसवर दुसरी गोळी पुठ्ठ्याच्या खांद्याच्या कोपऱ्यात जाऊ लागली. उपाय दोन-दोन गोळ्यांचाच: चार वेळा दोन, एकाच पुठ्ठ्यावर, आणि प्रत्येक वेळी ठिपका कुठवर उडाला ते मोठ्याने बोलायचं. "वर उजवीकडे", "सरळ वर". बोलता आलं नाही तर आपण पाहिलंच नाही.

५. आधी डोळा, मग नळी.
सात, पंधरा आणि पंचवीस यार्डांवर तीन पुठ्ठे, प्रत्येकाला दोन गोळ्या. मी नळी ढकलत न्यायची. लांब नळीला आपलं वजन असतं, ती लक्ष्य ओलांडून जायची आणि मग परत आणावी लागायची. क्लबात शिकवणाऱ्या एका आजोबांनी पुठ्ठ्यांवर मटारएवढे ठिपके काढले आणि म्हणाले, पुठ्ठा बघू नकोस, हे बघ. नजर बारीक जागी आधी जाऊन बसली की खांदा तिच्यामागून येतो. डावा हात किती आवळते आहे तेही तेव्हाच कळलं. मूठ सैल झाली नाही तर मान वळते आणि नळी अडखळते.

६. वेळ गोळ्यांमध्ये नसतो, पावलांमध्ये असतो.
सगळ्यात महाग धडा हा. दोन ठिकाणी जमिनीवर काठ्या टाकून पाच यार्डांचं अंतर धरलं. पहिल्या जागी दोन गोळ्या, धाव, दुसऱ्या जागी दोन. टायमरवर मधलं अंतर निघालं ३.१ सेकंद. धावायला एवढा वेळ लागत नव्हता. शेवटची गोळी गेली की मी क्षणभर बघत राहायची, आणि पोहोचल्यावर दोन्ही पाय नीट रोवून मगच कार्बाइन वर आणायची. "हिलो मत" अजून अंगात होतं. आता शेवटच्या गोळीला वजन आधीच पुढच्या पायावर असतं, गुडघे वाकलेले राहतात आणि पोहोचायच्या आधी दस्ता खांद्यात येतो. तीच धाव २.४ सेकंदांवर आली. धावायचा वेग तोच, गुडघे मात्र जास्त दुखतात. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गोळ्या झाडायला गेलीस की खो-खो खेळायला?" प्रश्न बरोबर होता. खो-खोच.

७. क्वचित लागतं तेच घरी घोटावं.
मोठ्या मॅगझिनमुळे कार्बाइनवाल्याला बहुतेक वेळा मॅगझिन बदलावं लागत नाही. म्हणून कोणी सराव करत नाही, आणि अडकलेलं काडतूस बाहेर काढताना सहा सेकंद जातात. घरचा माझा रियाज पंधरा मिनिटांचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, समोर भक्कम भिंत. दहा वेळा मॅगझिन बदलायचं, दहा वेळा कमरेच्या पट्ट्याला टेकलेला दस्ता खांद्यात आणायचा. रिकाम्या कार्बाइनला धक्का नसतो, त्यामुळे घरी सगळेच उस्ताद असतात. तिथले सेकंद मी वहीत लिहीत नाही.

८. पाठांतर झाल्याशिवाय "मेक रेडी" नाही.
"मेक रेडी" ही हत्यार भरायची आज्ञा. फेरीआधी आडोशांमधून चालून बघायला पाचेक मिनिटं मिळतात. लोक हाताने हवेत नेम धरत फिरतात. बाहेरच्याला वेड्यांचा बाजार वाटावा. मी पूर्वी लक्ष्यं मोजायची. आता डोळे मिटते आणि पावलं म्हणते: इथून दोन, डावीकडे तीन पावलं, खिडकीतून चार, मागे सरताना तोंड समोर. कुठे अडखळले तर पुन्हा चालून येते. पाढ्यात सतरा सख चाचरत असेल तर गणिताच्या पेपरात तो आठवत नाही.

९. दुसऱ्याची भोकं बुजवावीत.
फेरी संपते, कार्बाइन रिकामी होते, चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग जातो. मग गटातले सगळे हातात खाकी चिकटपट्ट्या घेऊन पुठ्ठ्यांकडे जातात. गुण मोजून झाले की भोकं बुजवायची. डीक्यू झाले त्या दिवशी मी हेच करत फिरले, आधी तोंड पाडून, मग हळूहळू निरखून. एकाची जवळच्या पुठ्ठ्यांवरची भोकं खाली उतरलेली, म्हणजे तो ते दोन इंच विसरला होता. दुसऱ्याच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर एक भोक कडेला, म्हणजे नळी डोळ्याच्या आधी पळाली होती. भोकांवरून माणूस कसा धावला ते वाचता येतं. आता माझ्या पुठ्ठ्यावर पट्टी लावायला कोणी येतं तेव्हा मी आधी विचारते, "काय दिसतंय?" परवा एका सोळा वर्षांच्या मुलाने बघून सांगितलं, "शेवटच्या दोन गोळ्यांना तुम्ही थांबला होतात."

त्या दोन गोळ्या ए मध्ये, एकमेकींना चिकटून होत्या. नाण्याखाली झाकल्या गेल्या असत्या.