सरकारी पैसा आणि खेळाचे मैदान

विद्यार्थिमित्रहो, क्रिकेटसाठी सरकार पैसा का देत नाही, असा प्रश्न कळव्यातील मुले आम्हांस पुष्कळदा विचारतात. प्रथम हे ध्यानात ठेवावे की, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ आपला खर्च स्वतःच्या उत्पन्नातून भागविते. सरकारी अनुदानावर ते अवलंबून नाही. परंतु गल्लीत खेळणाऱ्या मुलाची पहिली गरज जागेची असते, आणि ती जागा राखणे हे सरकारचे व नगरपालिकांचे कर्तव्य होय.

मुंबईस समुद्रकाठी पारशी, मुसलमान व हिंदू जिमखाने उभे राहिले, ते सरकारने दिलेल्या जमिनीवर. त्यांपैकी हिंदू जिमखाना १८९४ चा. त्याच काळात पुण्यास पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील तरुण दरमहा तीन रुपयांवर पारशांच्या मैदानाची झाडलोट करीत व रोलर फिरवीत. पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपये मिळू लागले. तेथे साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी तयार झाली. हिंदू संघात घेतल्यावरही त्यांचा चहा निराळ्या मातीच्या भांड्यात येई. पण १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मैदान मिळाले म्हणून गुण प्रकट झाला. मात्र मैदानात शिरण्यासाठी गरिबाच्या मुलास तेथे चाकरी धरावी लागू नये, हाच त्यातील बोध आहे.

आता जवळचे उदाहरण घेऊ. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्यानंतर मुंबई क्रिकेट संघटनेने त्यास मासिक शिष्यवृत्ती दिली, राज्य सरकारनेही साहाय्य जाहीर केले. हे योग्यच झाले. पण हजार धावा करणारा एखादाच. उरलेल्या मुलांस धावा करण्यापूर्वीच मदत हवी.

ती कशी मिळेल? संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत क्रीडांगणांची सोय हा विषय नगरपालिकांच्या कामांत घातला आहे. एका बाजूस खाडी व दुसऱ्या बाजूस पारसिकचा डोंगर असलेले आपले कळवे ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. शहराच्या विकास आराखड्यात मैदानांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. तथापि १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार अशी खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकास नोटीस देता येते. आणि पुढील मुदतीतही कारवाई न झाल्यास आरक्षण रद्द होते. म्हणजे नकाशावरील मैदान अंदाजपत्रकात पैसा नसल्यास नाहीसे होते! जागा हाती आल्यावरही पावसाळ्यानंतर जमीन सपाट करणे, माती, पाणी, रोलर आणि माळ्याचा पगार हा खर्च दरसाल असतोच. आमच्या मते सरकारी पैशाचा पहिला वाटा येथे पडला पाहिजे.

पालकवर्गास आमची विनंती आहे की, आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती व सूचना देण्याचा हक्क नागरिकांस असतो, तो त्यांनी अवश्य बजावावा. आपल्या प्रभागातील कोणती जागा मैदानासाठी राखली आहे, हे नगरसेवकास विचारावे. आणि मुलांनो, जे मैदान मिळाले आहे ते स्वच्छ ठेवा. लहानांस व मुलींस तेथे खेळण्याची पाळी द्या. सार्वजनिक मैदान सर्वांचे आहे, हे प्रथम आपल्या वागणुकीत दिसू द्या. मग ते मागण्यास आपल्या शब्दाला वजन येईल.